मांजरीची शेपटी

जिन्यावर बायकोचा, हुईजुआनचा, आवाज आला, पण लू गन्फूला खुर्चीवरून उठताच येईना. त्याची डावी बाही बटणासकट तिच्या भरतकामाच्या चौकटीतल्या कापडाला खालून शिवली गेली होती, आणि शिवणारा तो स्वतःच होता.

चौकटीतल्या झिरझिरीत रेशमावर पांढरी मांजर होती. वरून बघा, खालून बघा, सारखीच. हुईजुआनचे चार महिने तिच्यात गेले होते. ती विकत न्यायला सूचौहून तांगबाई येणार, म्हणून हुईजुआन त्यांना आणायला स्टेशनवर गेली. इकडे गन्फू नूडल्सचा वाडगा घेऊन मांजर बघायला वाकला आणि सुपाचा थेंब नेमका शेपटीवर पडला.

"चार टाके घालायला काय लागतं? बसल्या जागचं तर काम!" बस चालवायचा तेव्हापासून, तीस वर्षं, तो हेच म्हणत आला होता. त्याने तिची शिकाऊ पोरींसाठीची वही उघडली. धावदोरा, उलटी टीप, साखळी. एक हात वर, एक खाली. त्यात काय! फक्त एका धाग्याचे सोळा बारीक पदर सुटे करायचे होते. बायकोची बोटं मऊ राहावीत म्हणून या घरात भांडी गन्फूच घासायचा. त्याच्या खरखरीत बोटांत रेशीम अडकू लागलं. शेवटी त्याने अख्खा धागाच ओवला. शेपटीची सुतळी झाली.

दार उघडलं.

"उठू नका, मास्तर!" तांगबाई भारावून म्हणाल्या. "दोघं मिळून भरता वाटतं?"

गन्फूने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

"आता खालची बाजू बघू." बाई वाकल्या. "अगंबाई! मांजरीला बटण?"

हुईजुआनही वाकून बघू लागली. गन्फूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, मांजर हिची. शेपटीचा सत्यानाश माझा. हिला बोल लावू नका."

तांगबाईंनी तोंडाला रुमाल लावला. "रविवारी येते. शेपटीसकट द्या."

त्या गेल्यावर गन्फू पुटपुटला, "बाही कापून टाक ना."

"कात्री रेशमाला लागली तर? एकेक टाका उसवावा लागेल."

ती समोर बसली. सुईच्या टोकाने टाका उचलायचा, धागा ओढायचा, पुढचा शोधायचा. अर्ध्या तासात गन्फूची मान धरली, पायांना मुंग्या आल्या. तिची नजर मात्र शेपटीवरून हलली नव्हती. तीस वर्षांत आपण एकदाही असं समोर बसलो नाही, याची त्याला फार लाज वाटली.

"जरा उठू का गं?"

"कशाला, म्हाताऱ्या? बसल्या जागचं तर काम!"