दामूकाकांचे बाकीचे देश

बेटेगावच्या नाक्यावर कुणी विडी शिलगावली की दामूकाका मोटारसायकल थांबवतात आणि ओळखदेख नसताना विचारतात, "बाकीचे देश काय म्हणतील?"

माणूस गोंधळतो. मग काका समजावतात, की तंबाखूला आवर घालायचं पुष्कळ देशांनी मिळून ठरवलंय आणि आपल्या सरकारनं त्यावर सही केलीय. "सोयरीक ठरल्यावर मागं फिरतो का आपण?"

बोईसरचे कामगार त्यांना 'विदेशमंत्री' म्हणतात. एकानं तर हात जोडले, "काका, अमेरिका को मत बताना."

"उसका नाम मत ले," काका भडकले. "उसने सगाई किया, शादी नहीं किया!" सही करूनही अमेरिकेनं तो करार पुढं मंजूर केला नाही, हा त्यांचा राग.

काका आमच्या सरकारी आरोग्य केंद्रात आरोग्य सहायक, मी तंबाखू सोडू बघणाऱ्यांचा समुपदेशक. मासवणच्या आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. चार माणसांत उभं राहून बोलायचं कसं, हे मला काकांनी शिकवलं. बोलल्यावर शिव्या खायच्या कशा, हेही त्यांनीच.

काका घरोघर जाऊन तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासायचे. त्यांच्या कुंभवली गावातलं एकच घर त्यांनी तपासायचं सोडलं होतं, स्वतःचं. सकाळी त्यांची आई दातांना लावायला तव्यावर तंबाखूची मशेरी भाजायला बसली, की काका अंगणात जाऊन मोटारसायकल पुसायचे. अलीकडे आईला तिखट सोसेना. ती नुसत्या पेजेवर राहू लागली. मी म्हटलं, "काका, तोंड तपासू या."

"उष्णता असेल," काका म्हणाले. हेच दुसरं कुणी म्हणालं असतं, तर त्याला त्यांनी तिथंच झापलं असतं.

मग शेजारच्या देशांतले काही अधिकारी आपल्याकडचं तंबाखू सोडवायचं काम बघायला आले. काकांनी अख्ख्या आळीतून तंबाखू हद्दपार केली आणि पाहुण्यांना अभिमानानं स्वतःच्या ओटीवर बसवलं. तेवढ्यात आई ताट घेऊन बाहेर आली. पान, चुना, तंबाखू, वर विड्यांचं बंडल.

काका पांढरेफटक पडले. "आये, हे काय?"

"मग पावन्यांना सुकंच बसवू? घर हाय का धरमशाळा?"

पाहुणे हसले. नेपाळच्या डॉक्टरबाईंनी ताटातलं नुसतं पान उचललं. आईच्या ओठाकडे बघत त्या म्हणाल्या, "माँजी, मुँह दिखाएँगी?"

मला वाटलं, आई आता ताट आपटणार. तिनं ते खाली ठेवलं आणि मुकाट्यानं तोंड उघडलं. बॅटरी काकांनी धरली होती. उजेड आईच्या तोंडावरून निसटून सारखा कौलांवर जात होता. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं.

गालाच्या आत पांढरा चट्टा होता. "कल ही अस्पताल ले जाइए," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "अभी देर नहीं हुई होगी."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "सगल्या गावाची तोंडं बगतोस रे. मना कदी इचारलंस नाय."

"भ्यालो, आये."

पाहुणे उगाच अंगणातल्या नारळाकडे बघू लागले. मग आई म्हणाली, "येते उद्या. पन तू भायेर थांबू नको हां. माज्यासंगं आत ये."