आधी नाव, मग नेम

रघूभाऊ पेंटबॉलच्या मैदानात समोरच्यावर नेम धरतात आणि रंगाची गोळी सोडण्याआधी त्याला नाव विचारतात.

"कोण रे तो? नाव सांग!"

नाव सांगितले की मारतात. नाही सांगितले तर बंदूक खाली. तोवर समोरचा यांनाच रंगवून मोकळा होतो.

आमच्या डिचोलीच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळतात. साठीला दोन वर्षे कमी. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सात-आठ जण पेडण्याला, डोंगरावरच्या मैदानात खेळायला जातो. कप्तान मी. याचे कारण माझा नेम नव्हे, माझा आवाज.

जो तो आपापल्या स्वभावाने खेळतो. कोल्हापूरचा फिटर संभा बंदुकीची नळी गरागरा फिरवत गोळ्यांचा अख्खा डबा दोन मिनिटांत रिकामा करतो. त्यातली एखादी लागते, तीही बहुधा आमच्याच माणसाला. मी टायरांच्या ढिगामागे बसून हुकूम सोडतो. रघूभाऊ मात्र प्रत्येक गोळी तळहातावर फिरवून बघतात. दमट हवेने फुगलेली, कुठे चेपलेली दिसली की बाजूला. "ही वाकडी जातली," म्हणतात. नळीत गोळी फुटली तर मागून येणारी भरकटते, म्हणून दर डावाआधी नळीतून फडके ओढून काढतात. मग वीस-पंचवीस पावलांवर ठेवलेल्या करवंटीवर तीन गोळ्या, आणि तिन्ही बरोबर लागतात. असा हात, आणि वर्षभरात मारलेली माणसे मोजून चार. चौघेही प्रामाणिक, नाव सांगणारे.

संभा एकदा विरुद्ध बाजूला होता. झुडपातून ओरडला, "मी म्यानेजरसायब हाय!" भाऊ अदबीने उठून उभे राहिले आणि त्यांनी छातीवर पाच गोळ्या खाल्ल्या.

"आवो भाऊ, आधी मारायचं, मग इचारायचं!" संभा हसत म्हणाला.

"मगे इचारून काय उपेग?" भाऊ म्हणाले. ते हसले नाहीत.

खेळ संपला की त्यांचे एकच मागणे असते, "माका मुळगावाक सोड." तिथे सोनू नावाचा त्यांचा बालमित्र राहतो. भाऊ दर रविवारी न चुकता त्याच्याकडे जातात. आम्हाला वाटायचे, दोघे म्हातारे गप्पा छाटत बसत असतील.

गेल्या महिन्यात औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्याशी आमचा सामना होता. मी भाऊंना आधीच बजावले होते, आज नावगाव काही नको. शेवटच्या डावात आमचे भाऊ उरले आणि त्यांचा एक जण. काजूच्या झुडपामागे पाने हलली. भाऊंचा नेम सरळ तिथेच होता. मी बाहेरून घसा फोडून ओरडलो, "मारा!"

भाऊंनी बंदूक खाली केली. "कोण रे तो?"

उत्तरादाखल त्यांच्या पोटावर निळा डाग उमटला आणि आम्ही हरलो.

मी सगळ्यांदेखत नको ते बोललो. "रंग आहे हो तो, रंग! रंगाने कोणी मरतं का?" भाऊंनी मुखवटा पुसला, जागेवर ठेवला. त्यांना मुळगावला सोडायचे काम तरीही माझ्याकडेच आले. स्कूटरवर राहवेना म्हणून मी विचारले, मग खेळायला येता तरी कशाला? मागून आवाज आला, "हंय, ह्या खेळात, लागलेलो माणूस उठान हसता. ता बघूक येतंय."

सोनूबाब घरापुढच्या सोप्यावर बसले होते. उजवा पाय गुडघ्यात न वाकणारा, समोर ताठ पसरलेला. भाऊंकडे त्यांनी पाहिलेही नाही. भाऊ कळशी घेऊन विहिरीकडे गेले. मला खुर्ची मिळाली. सोनूबाबांची बायको चहा घेऊन आली, एकच कप. मी हात धुवायला परसात गेलो तेव्हा ती मागोमाग आली.

"तीस वर्सां झाली," ती हळू आवाजात म्हणाली. "दोगय शिकारीक गेल्ले. झाडी हलली, डुकर म्हणान रघून बार काढलो, तो ह्यांच्या पायाक लागलो. ह्यांनी पोलिसांक सांगला, माजीच बंदूक सुटली. रघूक वाचवलो. पण त्या दिसापासून त्याच्याकडे एक शब्द बोलूक नाय. तो येता, पाणी भरता, लाकडां फोडता. हे कदीतरी बोलतले म्हणान वाट बघता."

मला माझीच लाज वाटली. थोड्या वेळापूर्वी मी त्या माणसाला काय काय बोललो होतो! परत येऊन मी सोनूबाबांसमोर उभा राहिलो.

"सोनूबाब, आज आमी हरलो. भाऊंमुळे. झुडूप हललां, मी मार म्हणान बोब मारलंय. त्यांनी मारूक नाय. आदी इचारल्यानी, कोण तो."

सोनूबाब अंगणाकडे बघत राहिले. मी उगाच तोंड घातले असे वाटून गेले. भाऊ दुसरी कळशी घेऊन आले, ती रिकामी केली आणि पुन्हा विहिरीकडे वळले.

"रघ्या," सोनूबाब म्हणाले, "बस रे."

भाऊ थांबले. ओले हात तसेच, आणि माझ्याकडे पाहू लागले, जणू रघ्या नावाचा आणखी कोणी तिथे असावा. मी माझी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. ते बसले, पण अगदी कडेला.