आईला समुद्र दाखवण्याबाबत

प्रवासात माणसाच्या हातून ज्या चुका होतात, त्या सगळ्या घरातून निघाल्यानंतर होतात. निघण्याआधीच कोणाला ऊन लागलं किंवा कोणी समुद्रात बुडालं, असं एकही उदाहरण आमच्या तुन्हा गावात नोंदलेलं नाही. म्हणून विचारी माणसं सहलीचा जास्तीत जास्त भाग घरबसल्याच उरकून घेतात. माझ्या सासरच्या मंडळींनी तो जवळजवळ संपूर्ण उरकला होता.

सुरुवात झाली ती सासूबाईंमुळे. एर्मेलिंदाबाई, वय चौऱ्याहत्तर. सगळा जन्म डोंगरात, थंडीत, खांद्यावर घोंगडी टाकून गेलेला. एका रविवारी जेवताना त्यांनी सांगितलं, की डॉक्टर म्हणतात डोळ्यांच्या मधोमध डाग धरलाय, तो वाढत जाणार, औषध नाही. सगळ्यांचे घास हातात राहिले.

"तर दिसतंय तोवर एकदा समुद्र बघून यावं म्हणते," त्या म्हणाल्या. "कार्ताहेनाचा. तुमचे बाबा पलटणीत असताना तिथल्या किल्ल्याच्या तटावर पाय सोडून बसायचे."

मोठे मेहुणे एव्हारिस्तो लगेच उभे राहिले. ते एकतीस वर्षं जमिनीच्या दस्तांच्या कचेरीत होते आणि तीन शिक्के बसल्याशिवाय त्यांनी एकही कागद जागचा हलू दिला नव्हता. त्यांनी जागच्या जागी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. आरोग्य व सुरक्षा विभाग थोरल्या मेहुणीकडे, म्हणजे रोसाल्बाकडे (शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे धोका दिसण्याची सवय). पोशाख व टोप्या माझ्या बायकोकडे, निदियाकडे. मी जावई, म्हणून चिटणीस. सासूबाईंना समितीत घेतलं नाही, कारण त्या लाभार्थी होत्या.

काम ज्या बारकाईनं झालं, त्याला तोड नाही. दोन वर्षांत सेहेचाळीस बैठका झाल्या. एकोणीस हॉटेलं नाकारण्यात आली. एक जुन्या मठात होतं. तिथे जोगिणी वारल्या असणार, असं रोसाल्बानं निदर्शनास आणलं. एकाच्या सज्ज्यावर फुलं होती, म्हणजे मधमाश्या. एकाबद्दल कोणाचीच तक्रार सापडली नाही, तेव्हा ते संशयास्पद ठरलं. धोक्यांच्या तक्त्यात ऊन, मासे, गुळगुळीत दगडी रस्ते आणि समुद्री चाचे असे सदतीस धोके होते (चाच्यांसमोर "शक्यता कमी, पण पूर्वी आलेले आहेत" असा शेरा).

फोटोंचा प्रश्न आम्ही फार पुढे नेला. कार्ताहेनाला जाऊन पिवळ्या भिंतीपुढे उभं राहिलं नाही तर गेल्याचं धरत नाहीत. तिथे वेळ मोडू नये म्हणून आम्ही इथेच, औषधांच्या दुकानाच्या पिवळ्या भिंतीपुढे, पांढरे कपडे घालून सराव केला. तुन्हात त्या दिवशी सहा अंश होतं. फोटोत सगळे थरथरताना दिसतात, पण एव्हारिस्तो म्हणाले की आनंदानं वाटतं.

चार दिवसांचा कार्यक्रम पाच-पाच मिनिटांच्या हिशेबानं आखला गेला. पहिल्या दिवशी सव्वाचार ते चार पस्तीस "उत्स्फूर्त भटकंती" होती. तिसऱ्या दिवशी अकरा चाळीस ते बारा दहा: "समुद्र बघणे (आई)".

सासूबाई दर बैठकीला गुळाचं गरम पाणी आणि मक्याच्या भाकऱ्या घेऊन यायच्या. पेले ठेवता ठेवता विचारायच्या, "मग, कधी निघायचं रे?"

"आई, घाईनं गेलं तर मजा राहत नाही," एव्हारिस्तो म्हणायचे.

"मजा नको. समुद्र पुरे."

"लिहा चिटणीस, लाभार्थीनं उत्सुकता व्यक्त केली."

मी लिहायचो. दुसऱ्या वर्षी त्या पेल्यात बोट बुडवून पाणी ओतू लागल्या. पेला कुठवर भरला ते बोटाला चटका बसला की कळायचं. मी इतिवृत्तात "पेये मिळण्यास किंचित विलंब" अशी नोंद घेतली. निदियानं ती वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, अक्षर खराब आलं असेल.

सत्तेचाळिसावी बैठक निर्णायक होती. गुरुवारी निघायचं की शुक्रवारी, यावर मतदान झालं आणि दोन विरुद्ध दोन असं अडलं. तासभर वाद झाला. मग कोणाला तरी तहान लागली, आणि गुळाचं पाणी आलंच नसल्याचं लक्षात आलं.

स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण, झाकणावर चिठ्ठी. अक्षर शेजारच्या ओलिवाबाईंचं, त्या कोपऱ्यावर भाकऱ्या विकतात. लिहिलं होतं, "सूप गरम करून घ्या. आम्ही समुद्राला जाऊन येतो."

एव्हारिस्तोंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "यावर तारीख नाही," ते म्हणाले. मग खाली बसले.

रोसाल्बानं ओलिवाबाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला. आधी गाडीतली गाणी ऐकू आली, मग सासूबाई.

"आई! आहेस कुठे तू?"

"बसमध्ये, अजून कुठे? उकडायला लागलं, दोन स्वेटर काढले."

"आई, उतरणार कुठे? आरक्षण आहे का?" एव्हारिस्तो ओरडले.

"ओलिवाच्या भाचीकडे. ओरडू नकोस, कान शाबूत आहेत माझे."

"आणि टोपी? टोपी घेतलीस?" रोसाल्बानं विचारलं.

पलीकडे कोणीतरी गाणी बारीक केली. मग त्या म्हणाल्या, "टोप्यांचं तुमचं अजून ठरायचं होतं ना, बाळा."

पाच दिवसांनी त्या परत आल्या. नाक भाजलेलं, घोंगडीत वाळू. समितीनं त्यांना ओळीनं तेवीस प्रश्न विचारले: पाणी उकळून प्यालात का, किती वेळ उन्हात होतात, फळवाल्यांनी फसवलं का. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. समुद्र कसा होता, हे प्रश्नावलीत नव्हतं.

ते मी नंतर विचारलं, त्या शेगडीपाशी एकट्या असताना.

"काय दिसलं, आई?"

"सरळ बघितलं की राखाडी," त्या म्हणाल्या. "नुसता राखाडी गोळा. मान तिरकी करून बघितलं की कडेनं निळं दिसायचं, थोडं हलणारं. बाकीचं ओलिवा सांगत होती, जहाज आलं, पक्षी बसला." त्यांनी शेगडीवरचं भांडं चाचपून सरळ केलं. "गेल्या वर्षी आले असते तर जहाजंसुद्धा दिसली असती, असं वाटलं मला. तटावर पाय सोडून बसले मात्र. एका शिपायानं हटकलं. म्हटलं, माझा नवरा तुझ्या चाळीस वर्षं आधी बसलाय इथे, तू कोण?"

आणि त्या हसल्या. मला हसता आलं नाही. ही माहिती मी इतिवृत्तात घेतली नाही, कारण रीतसर बैठक चालू नव्हती.

अठ्ठेचाळिसाव्या बैठकीत तीन ठराव झाले. सासूबाईंचा प्रवास ही समितीच्या मार्गदर्शनाखाली झालेली प्राथमिक पाहणी समजण्यात आली. समितीनं स्वतःचं अभिनंदन केलं. आणि "समुद्र बघणे (आई)" हे कलम वगळून वाचलेला अर्धा तास फोटोंना देण्यात आला.

इतक्यात निदिया उठली. "आई ऑगस्टमध्ये परत जातेय," ती म्हणाली. "दिसत नाही तर ऐकते म्हणते. मी तिच्याबरोबर चाललेय."

"ऑगस्टात गर्दी असते!" रोसाल्बा म्हणाली.

"असू दे."

"तुझ्याकडे टोप्या आहेत," एव्हारिस्तोंनी बजावलं.

"टोप्या तुम्हीच घाला, दादा. घरातच." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्ही येताय?"

मी म्हटलं, जरा बघून सांगतो. त्या दोघी ऑगस्टात जाऊन आल्या. मी अजून बघतोय.

हे वाचताना तुम्हालाही तुमच्या घरातलं कोणीतरी आठवलं असेल. कुठेतरी जायचं असं ते केव्हाचं म्हणतंय, आणि तुम्ही आत्ताच मनाशी म्हणालात, की या दिवाळीला नाही जमलं तर उन्हाळ्यात नक्की नेऊ. विचार उत्तम आहे. आमच्या समितीत निदियाची जागा रिकामी झाली आहे, आणि आम्हाला तुमच्यासारख्याच माणसाची गरज आहे.