जन्मनोंदींचे कोठार आकसले त्याची हकीकत

वाग्देवतेस वंदन करून, स्मरले तैसे लिहिले. शके १९३४, नंदननाम संवत्सर, ज्येष्ठमासी एका राज्यात अनाथगृहाच्या जन्मनोंदी सर्व्हरावर होत्या, आणि मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या, सबब त्याच काय त्या उरल्या. राखणीस दुर्गाबाई दफ्तरदार. राज्याची रीत अशी की, डिस्का कितीही असोत, व्हॉल्यूम मॅनेजर नामे कारभारी त्या जोडून एकच मैदान करी आणि त्यात ज्याची त्याची कोठारे आखून देई. मग एक डिस्क जर्जर झाली, तेव्हा लोक कामे करीत असताच त्याने सारा माल नव्या डिस्केवर नेला, आणि कोणास खबरही न लागली. तेणेकरून मुख्य अधिकारी भालचंद्रपंत यांस हुरूप आला, आणि हुकूम केला की, जन्मनोंदींचे कोठार निमे करावे व ती जागा दरबारच्या तसबिरींस द्यावी.

बाई बोलिल्या, "पंत, नक्कल काढू. मग आधी आतल्या नोंदी आवरून घेऊ आणि नंतर भिंत सरकवू."

"बाई, पंधरा कोठारे वाढविली मी. दरवेळी आधी भिंत, मागाहून आतली मांडणी. आज उलटे कशास?"

"वाढविणे निराळे. पोट आत न घेता पट्टा आवळला तर काय होते, हे पंतांस ठाऊक असेल."

पंतांचे पोट थोर होते. कचेरी मान खाली घालून हसली, आणि पंतांनी रागे भरून, नक्कल न काढिताच, भिंतच आधी आत घेतली. मग नोंदी भिंतीपलीकडे राहिल्या आणि कोठार उघडेना.

ते समयी दारी सगुणाबाई नामे चाळिशीची बाई आईचे नाव विचारण्यास दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. दुर्गाबाई म्हणाल्या, "बसा, थोडा वेळ लागेल." मनी आले, जीभ आवरती तर पंत ऐकते.

पंत म्हणाले, "ते मागाहून पाहू. तसबिरी तर भरू."

बाईंनी कीबोर्डावर हात ठेविला. "नाही. पुसले काहीच नाही, भिंत तेवढी हलली आहे. त्या जागी एक तसबीर उतरली की एक आई गेली. आणि मघाचे बोलणे माझे चुकले, पंत."

पंतांनी तसबिरींचे काम थांबविले. मग हळूच विचारले, "आता कसे?"

"कारभारी प्रत्येक फेरफाराआधी जुना नकाशा राखून ठेवितो. तोच पुन्हा मांडू."

नकाशा मांडिला, भिंत जागी गेली, नोंदी तपासिल्या, आणि कोठार उघडले.

पुढे जर्जर डिस्क भंगारात गेली. पंत दुसऱ्या प्रांती बदलून गेले आणि नव्या माणसांस शिकविताना स्वतःची चूक आधी सांगू लागले. दुर्गाबाई निवृत्त होऊन माहेरगावी राहिल्या. सगुणाबाईंस नाव मिळाले, अनसूया. आई मात्र हयात नव्हती. तरी पुढे कोणत्याही अर्जावर सगुणाबाई आईचे नाव लिहीत, आणि रकाना नसे तेथे कडेच्या कोऱ्या जागेत लिहीत. घडले ते इतुकेच.