मदतीची वही

लम्दुआनचा चष्मा भाताच्या पोत्याखाली सापडून फुटला नसता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

सहकारी संस्थेच्या सभासदांचे हिशेब तपासायला गावात येणाऱ्या सरकारी ओरथाईबाईंनी तिला बजावलं होतं, की सरकारचं अनुदान भाताच्या विक्रीत मिसळायचं नाही. "मावशी, अशाने तोट्यातलं भातही फायद्यात दिसतं. ती मदत आहे. मदतीत वेगळी लिहा." अनुदान होतं अकरा हजार बाट. कापणी यंत्रवाला रोख मागत होता आणि घरात रोख म्हणून तेवढीच.

चष्मा नाही म्हणून लम्दुआनने नवऱ्याला सांगितलं, "अहो, सरकारचे पैसे तेवढे मदतीत लिहून ठेवा."

थोंगदामला मदतीची वही ठाऊक होती ती एकच. त्याच्या आईच्या अंत्यविधीला कुणी पाकिटात किती पैसे घातले, ते त्या वहीत होतं. ज्याने घातले त्याच्याकडे कार्य निघालं, की वर थोडे चढवून फेडायचे. थोंगदामने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सरकार, अकरा हजार', आणि तो काळजीत पडला. सरकारच्या घरी कार्य निघणार कधी?

ते पुढच्याच आठवड्यात निघालं. ओरथाईबाईंचं लग्न. आमंत्रणासोबत कोरं पाकीटही आलं.

कापणीचा दिवस जवळ आला तशी लम्दुआनने पैसे काढायला तांदळाचा डबा उघडला, तर आत नुसता तांदूळ.

"फेडून टाकले," थोंगदाम म्हणाला. "वर पाचशे घातले. सरकारपुढे मान खाली नको."

"सरकारने लग्न केलं का?"

"सरकारच्या बाईने केलं. आपल्या गावात तीच तर येते."

लम्दुआन तडक कचेरीत गेली, तर ओरथाईबाई तिच्याहून घाबरलेल्या. "मावशी, तुमचा हिशेब मी तपासायचा आणि काकांनी मला साडेअकरा हजार द्यायचे? साहेब नोकरीवर ठेवतील का मला?"

"मग द्या परत."

"आई देऊ देत नाही. लग्नाचं पाकीट माघारी गेलं तर नवराही जाईल म्हणते."

म्हणजे पैसे परत यायचे, तर आता लम्दुआनच्याच घरी कार्य निघायला हवं होतं. मुलीचं लग्न होऊन गेलेलं, घर बांधायला पैसा नाही, आणि मरायला कुणी तयार नाही. तिकडे शेतात लोंब्या जमिनीला टेकायच्या बेतात.

"मी आठवडाभर भिक्षू बनतो," थोंगदाम म्हणाला. "दीक्षेचंही कार्यच असतं की. तरुणपणी राहूनच गेलं होतं."

उभ्या संसारात त्याने उपयोगाचं असं हे पहिलंच सुचवलं होतं. शिव्या लम्दुआनने कार्य उरकेपर्यंत राखून ठेवल्या.

थोंगदामचं डोकं गुळगुळीत झालं, भुवयाही गेल्या, अंगावर चीवर आलं. ओरथाईबाईही आल्या आणि रीतीप्रमाणे वर पाचशे चढवून बारा हजारांचं पाकीट देऊन मोकळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र आलं, भात निघालं. पोती मात्र लम्दुआनने एकटीने ओढली, कारण नवरा विहारात ध्यानाला बसला होता.

सकाळी तो भिक्षापात्र घेऊन दारात उभा राहिला. राखून ठेवलेलं सगळं तिच्या जिभेवर आलं. पण समोर भिक्षू. ती गुडघ्यांवर बसली, पात्रात चिकट भात घातला आणि हात जोडले.

थोंगदामने आशीर्वाद म्हटला. मग नजर जमिनीवरून न हलवता हळूच म्हणाला, "उपासिके, ओरथाईबाईंचे बारा हजार वहीत लिहिलेस ना? वर्षभरात त्यांच्याकडे बाळाचं जावळ निघेल."