यंत्राकडे पाठ

उमरीकर सर यंत्र बनवण्याआधी यंत्राकडे पाठ करून बसतात. लातूरच्या माझ्या डाळमिलमध्ये पोती भरायचं नवं यंत्र हवं होतं, म्हणून त्यांना नांदेडहून बोलावलं. तर हे गृहस्थ स्टुलावर बसले, जुन्या यंत्राकडे पाठ आणि तोंड ते चालवणाऱ्या गफूरकडे. तीन दिवस!

"सर, यंत्र तिकडं हाय."

"यंत्र राहू द्या, अप्पा. माणूस काय करून राहिला, ते बघू द्या."

हे त्यांचं पालुपद. माझ्या ऑफिसचं दार लोक आधी ढकलतात आणि मग ओढतात, हेही त्यांनी वहीत टिपलं.

आठवड्यानं त्यांचा कागद आला. नवं यंत्र कसं चालावं, ते वापरणाऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं. माझी सही झाल्यावरच काम सुरू होणार होतं. त्यात लिहिलं होतं : 'पोतं सांडतं. मालक ओरडतात. गफूर घाबरून दोन्ही बटणं एकदम दाबतो. अशा वेळी यंत्रानं मुकाट थांबावं.'

गफूरनं हे सगळ्या हमालांना वाचून दाखवलं. पाठीवर पोती वाहून मिल उभी केली मी, आणि हसू माझंच!

तडक नांदेड गाठलं. बेल दाबली. आवाज नाही. तीनदा दाबली. मग "ओ उमरीकर!" म्हणून गल्ली दणाणून सोडली. तेवढ्यात वहिनींनी हसत दार उघडलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि मी सरांसमोर बसलो.

"ते वाक्य काढा."

"नाही."

"मग 'मोठ्यानं बोलतात' लिहा."

"आत्ता दारात बोललात, तसं?"

"बरं, 'कधीकधी ओरडतात' करा. तुमचंही राहिलं, माझंही राहिलं."

"अप्पा, मी तीन दिवस बसलो होतो."

मी उसळणार, तोच स्वयंपाकघरात ओट्यावरचा दिवा लागला. आधी मिणमिणता, मग हळूहळू लख्ख. वहिनींनी गॅस बारीक केला, हात पुसले आणि दार उघडलं. बाहेर दूधवाला होता.

"मंगलला ऐकू येत नाही," सर म्हणाले. "आधी दिवा भसकन लागायचा. एकदा दचकून उकळता चहा हातावर सांडून घेतला तिनं."

मी उठून पाहिलं. दिव्याखाली सरांच्याच अक्षरातला पिवळा पडलेला कागद होता : 'कोणीतरी बेल दाबतं. दिवा सावकाश उजळतो. मंगल हातातलं काम खाली ठेवते. बाहेरच्यानं थांबावं.'

मी सहीसाठी पेन मागितलं. हळू आवाजात.

यंत्र झकास चाललंय. 'कधीकधी' मात्र त्यांनी शेवटपर्यंत घातलं नाही. त्याचा राग अजून आहे.