चारा नाही? नाही!

कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये नावं द्यावीत तर मीच! पुढं अख्ख्या तालुक्यानं मला नावं ठेवली, ती गोष्ट वेगळी.

एकोणनव्वदचा उन्हाळा. भूमकडं पाऊस तोंड फिरवून बसलेला. आमच्या दूध संघानं गावोगाव जनावरांसाठी कडबा वाटायचं ठरवलं. ट्रक एक, गावं ढीगभर! त्यात चेअरमन तात्यारावांची बहीण खालच्या वाडीला दिलेली. ट्रक चुकून तिकडं वळला तरी लोक म्हणायचे, "निघाला बघा भाऊबीजेला!" तात्याराव वैतागले. त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि जाहीर केलं, "आता ट्रक कुठं जायचा ते मशीन सांगंल. मशीनला बहीण नसती!"

मशीनला अक्कल शिकवायला मी, बसवराज. पुण्याहून ताजा शिकून आलेला! मित्रानं अगदी नव्या पद्धतीची भाषा फ्लॉपीवर दिली होती. त्या भाषेत प्रत्येक गाव म्हणजे एक वस्तू. वस्तूच्या पोटात एक झेंडा. नाव घेऊन प्रश्न विचारायचा, झेंडा वर असला तर 'हो', खाली असला तर 'नाही'. मधलं काही नाही. खूप विचार करून मी प्रश्नाचं नाव ठेवलं 'चारा नाही'. 'हो' आलं की ट्रक पाठवायचा. शेंबड्या पोरालाही कळेल!

तेच नाव पडद्यावर प्रश्न म्हणून उमटायचं. सकाळी गावोगावचे सचिव दुधाचे कॅन घेऊन आले की आमच्या क्लार्क नसीमबी तो मोठ्यानं वाचायच्या आणि उत्तर ऐकून बटण दाबायच्या.

पहिला आला वरच्या वाडीचा कोंडिबा. त्याच्या माळावर दगडसुद्धा वाळलेले!

"कोंडिबा, चारा नाही?"

"न्हाय ओ बाई!" तो कळवळून म्हणाला.

बाईंनी 'नाही' दाबलं.

मग खालच्या वाडीचा श्रीपती. तलावाखालचं गाव, घरोघरी कडब्याच्या गंजी.

"श्रीपती, चारा नाही?"

"हाय की! हाय!"

बाईंनी 'हो' दाबलं.

झालं! प्रिंटर करकरला आणि ड्रायव्हर मकबूल ट्रक घेऊन निघाला थेट खालच्या वाडीला. परतला तो गळ्यात हार घालून. "बसवराजभाऊ, काय इज्जत केली ओ! कोंबडं कापलं माझ्यासाठी!"

"आणि कडबा?"

"त्यांच्याच गंजीवर चढवला. लई उंच गंजी हाय."

तेवढ्यात तात्यारावांच्या नावाचा डबा आला. बहिणीनं खूश होऊन शेंगापोळ्या पाठवल्या होत्या! सगळ्या गावासमोर!

मी दार लावून प्रोग्रॅम उघडला. चूक कळली. आपल्या माणसाला 'चारा नाही?' विचारलं, की नसेल तर तो 'नाही'च म्हणणार. मशीनच्या लेखी मात्र 'नाही'ला 'नाही' म्हणजे आहे! मी रुबाबात एक ओळ घातली: जे उत्तर येईल त्याचं उलटं धर. कुणाला बोललो नाही. स्वतःच्या चुकीची दवंडी कोण पिटतं?

पण नसीमबीही काही कमी नव्हत्या. त्यांनाही चूक कळली होती. दुसऱ्या दिवशी कोंडिबा "न्हाय, न्हाय, न्हाय!" म्हणून ओरडला आणि बाईंनी शांतपणे 'हो' दाबलं.

उलट्याचं उलटं! ट्रक पुन्हा खालच्या वाडीला!

"ते घ्यायला तयार न्हायत," मकबूल परत येऊन म्हणाला. "गंजी पडंल म्हणत्यात. चावडीत भरून आलो. तलाठी भायेर उन्हात बसलाय."

मी नसीमबींकडं धावलो. "तुम्ही बटण उलटं दाबलं?"

"मग? तुमचं मशीनच उलटं चालतंय!"

"अहो, मी ते आतून उलटं केलं होतं!"

"या खुदा! मला सांगायचं तरी!"

"तुम्ही मला सांगायचं!"

एवढ्यात दारात गलका झाला. वरच्या वाडीच्या भिमाबाई म्हशीला घेऊन आल्या होत्या, थेट आमच्या थंडगार कॉम्प्युटरच्या खोलीत! मी पटकन प्रिंटरच्या टेबलामागं बसलो.

"मावशी, आत चपला चालत न्हायत!" मकबूल ओरडला.

"माझ्या काढते की. हिच्या कशा काढू?"

तात्याराव धावत आले. भिमाबाईंनी त्यांनाच धरलं. "तात्या, तुमच्या बहिणीच्या दारात गंजीवर गंजी! अन् माझी म्हस गाभण हाय ओ. चार दिस झाले, नुसती दगडं हुंगतीया!"

म्हशीनं प्रिंटरमधून लोंबणारा लांबलचक कागद हुंगला आणि चघळायला सुरुवात केली.

"काय खातीया ती?" तात्यारावांनी विचारलं.

"उद्याचा हुकूम, साहेब," नसीमबी म्हणाल्या.

तात्याराव हसले नाहीत. स्वतःच्या बैलांसाठी ठेवलेल्या पेंढ्या त्यांनी तिथल्या तिथं भिमाबाईंच्या हवाली केल्या. त्या गेल्यावर मी टेबलामागून निघालो, तर मला म्हणाले, "बसवराज, ती पोळी घशाखाली उतरंना रे माझ्या."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

मग मी आणि नसीमबी शेजारी बसलो. उलटापालट सगळी काढून टाकली आणि प्रश्नाचं नाव बदललं: 'चारा हवा'. त्यात 'नाही' औषधालाही नाही! 'हो' म्हणजे हो, 'नाही' म्हणजे नाही.

सकाळी कोंडिबा आला.

"चारा हवा?"

"हवा की ओ!"

'हो'! माझी छाती पुरीसारखी फुगली. मग श्रीपती आला. त्याच्या गंजी भरलेल्या, चावडी भरलेली.

"चारा हवा?"

"फुकट हाय का?"

"हो."

"मग हवा की!"

त्यानंतर जो आला त्याला हवाच होता! प्रिंटरनं संघातली सगळीच्या सगळी गावं छापली.

"प्रश्न लई झ्याक झाला, बसवराज," तात्याराव कागदाकडं बघत म्हणाले. मकबूल किल्ली फिरवत उभा. "भाऊ, पयलं कुठं?"

"वरच्या वाडीला घे," म्हणत मी त्याच्याशेजारी चढलो. एक तरी ट्रक योग्य जागी पोचताना डोळ्यांनी बघायचा होता.

पोचला! अख्खी वाडी जमली. आता दोन कौतुकाचे शब्द कानावर पडतील म्हणून मी खाली उतरलो, शर्ट नीट केला. भिमाबाई लगबगीनं माझ्याकडं आल्या. कडब्याची एक जाडजूड पेंढी त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "नवा हमाल दिसतूयास. हात चालव की जरा!"